साठ अंशांवर टिकलेलं

आईचे दिवस करून मी प्रयोगशाळेत परतले, तेव्हा मीनाताई गरम पाण्यातून काचेची नळी काढत होत्या. कपड्यांवरचे डाग काढणारं एन्झाइम साठ अंशांवरही टिकावं, म्हणून आम्ही दोघी दोन वर्षं त्याची घडण बदलत होतो. एरवी ते उकडलेल्या अंड्यासारखं गोठायचं. आज नळीतला द्रव नितळ होता.

“टिकलं गं!” मीनाताई म्हणाल्या.

मग त्यांनी त्यात तपासणीचा थेंब टाकला. एन्झाइम काम करत असतं, तर द्रव पिवळा झाला असता. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. रंग आला नाही.

“फार ताठ झालंय,” त्या म्हणाल्या. “मोडत नाही, पण हलतही नाही. काम करायला थोडं हलावं लागतं.”

तेरा दिवस घरी येणारा प्रत्येक जण मला खंबीर म्हणून गेला होता. मी सगळ्यांना चहा दिला, आईचा चष्मा डबीत ठेवला, तिची औषधं परत केली. रडू आलं नव्हतं. आताही आलं नाही. मी वहीत ‘रंग नाही’ असं लिहिलं.

मीनाताईंनी वही माझ्या हातातून काढून घेतली. “जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

मला आठवेना.