पूल बंद करणारा माणूस

सोनबरसाचा पूल बंद झाला तो बिंदुमाधव टेंब्यांच्या अहवालामुळे, हे वरुणा नदीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीला तेव्हा सव्वा महिना उरला होता. अशा वेळी सरकारी माणूस कागदापासून हात राखून असतो. निरोपाची शाल खांद्यावर पडेपर्यंत कुठं काही उपटू नये, एवढंच बघतो. बिंदुमाधवांनी मात्र शिडी मागवली, पुलाच्या पोटाखाली गेले आणि हातोडीनं स्लॅब ठोकून पाहिला. तिसऱ्या ठोक्याला काँक्रीटची पापडी निखळून पाण्यात पडली आणि आतली सळई उघडी झाली. बोटानं दाबली तर गंजाचा भुगा हातात आला. त्याच दुपारी त्यांनी लिहिलं: पूल वाहनांना आणि पायी जाणाऱ्यांनाही ताबडतोब बंद करावा. मधल्या गाळ्याचा स्लॅब काढून नव्यानं घालावा.

पहिलं वाक्य सरकारनं आठवड्याच्या आत ऐकलं. दुसरं कुणी ऐकलंच नाही.

बिंदुमाधव बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतले. घराण्यात पाच पिढ्या वेदपाठ चालत आलेला. हेच एकटे पॉलिटेक्निकला गेले आणि रस्त्यांच्या खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले. लोक जेई साहब म्हणत. लग्न राहून गेलं. अक्कानं तीन स्थळं आणली होती. तिन्ही वेळा हे कुठल्या ना कुठल्या नाल्याच्या कामावर अडकलेले, आणि मग वयच निघून गेलं.

अक्का म्हणजे पद्मा, त्यांची थोरली बहीण. अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा बिंदू चार वर्षांचा होता. त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचे यजमान रेल्वेत होते. त्यांनी वरुणेपलीकडं दोन खोल्यांचं घर बांधलं. ते गेले, मूलबाळ नव्हतं, तरी ती तिथंच राहिली. "आता इकडं ये," असं बिंदुमाधव दर दिवाळीला म्हणत, आणि "माझ्या घराला मी जिवंतपणी कुलूप लावणार नाही," असं ती दर दिवाळीला म्हणे. म्हणून तेच रोज संध्याकाळी सायकलीवरून पूल ओलांडून तिच्याकडं जात. तासभर बसत. गल्लीत मराठी घरं अजून होती, पण तिथली मुलं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर द्यायची. आईच्या तोंडची मराठी, तिच्या म्हणींसकट आणि शिव्यांसकट, आता या दोघांतच उरली होती.

पूल बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी ते तिच्याकडं गेले तेव्हा ती गहू निवडत होती.

"अक्का, उद्यापासून पूल बंद."

"कुणी केला?"

"मी."

तिचा हात परातीत थांबला. "पडला असता का?"

"आज नाही, उद्या नाही. पण पडला असता."

"मग बरं केलंस." तिनं पुन्हा खडे वेचायला सुरुवात केली. "दुरुस्त कधी होईल?"

"सहा महिने."

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

पूल बंद झाला आणि वीस मिनिटांचा रस्ता सव्वा तासाचा झाला. दोन ऑटो बदलायच्या, मोठ्या पुलावरच्या जाममध्ये घामाघूम होऊन बसायचं. रोजचं जाणं आठवड्यातून दोनदावर आलं, मग एकदावर. अक्कानंच तोड काढली. दर मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता ती काठी टेकत पुलाच्या तिकडच्या तोंडाशी यायची, हे इकडच्या तोंडाशी. मध्ये पत्र्याचे अडसर आणि पाऊणशे पावलांचा रिकामा पूल. दोघं एकमेकांना बघत मोबाइलवर बोलायचे.

पत्र्याच्या फटीतून माणसं जातच होती. भाजीवाल्या, कॉलेजातल्या मुली, डोक्यावर गठ्ठे घेतलेले धोबी.

"सगळे येतात रे," अक्का फोनवर म्हणायची. "तू काय बैल आहेस का, की तुझ्याच वजनानं पूल मोडेल?"

"मी लिहिलंय अक्का, पायी जाणाऱ्यांनाही बंद म्हणून. मीच गेलो तर त्या कागदाला काय अर्थ?"

ती यावर हसायची. लांबून तिचं हसू दिसायचं नाही, नुसतं कानात ऐकू यायचं.

निवृत्त झाल्यावर बिंदुमाधव दुरुस्तीच्या मागं लागले. रस्त्यांच्या खात्यात, म्हणजे आपल्याच जुन्या कार्यालयात, बाहेरच्या बाकावर बसू लागले. खातं म्हणालं, पूल नदीच्या खात्यानं बांधला, दुरुस्ती त्यांनी करावी. नदीचं खातं म्हणालं, आम्ही बांधून दिला, वापर तुमचा, दुरुस्ती तुमची. शहराच्या कार्यालयानं हात वर केले: आम्ही फक्त दिवे लावतो. तीन कचेऱ्या, तीन फायली, आणि प्रत्येक फाईल दुसरीचं उत्तर येण्याची वाट बघत बसलेली.

या घोळाचं मूळ कुठं आहे ते बिंदुमाधवांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी पूल तयार झाला तेव्हा रस्त्यांच्या खात्यानं तो ताब्यात घ्यायचा होता, आणि ताबा घ्यायला पाठवलेला तरुण जेई म्हणजे हेच. त्यांनी पाहिलं, तर स्लॅबवरचं पावसाचं पाणी खाली सोडणारे पाइपच बसवलेले नव्हते. 'पाइप बसवावेत, मग सही करीन,' असा शेरा मारून ते परतले. पाइप कुणी बसवले नाहीत आणि सही मागायलाही कुणी आलं नाही. फीत कापली गेली, गाड्या धावू लागल्या. सत्तावीस पावसाळे पाणी स्लॅबवर साचत राहिलं, आत मुरत राहिलं. पूल कागदावर कधी कुणाचा झालाच नाही.

हे सगळं त्यांनी चार पानांत लिहून काढलं आणि नव्या साहेबांपुढं ठेवलं. साहेब तरुण होते, बोलायला सभ्य होते. त्यांनी चारही पानं वाचली.

"टेंबेजी," ते म्हणाले, "आपने उस दिन साइन कर दिया होता, तो आज पुल हमारा होता. हम बनवा देते."

त्या शनिवारी बिंदुमाधवांनी पत्र्याला टेकून हे अक्काला सांगितलं.

"सही केली असतीस तर पाइप बसले असते?"

"नाही."

"मग?"

"पण पूल कुणाचा तरी झाला असता, अक्का."

"बिंदू," ती म्हणाली, "तू तेव्हा खोटं लिहिलं असतंस तर मी तुला घरात घेतलं नसतं. आता घरी जा. वारा सुटलाय, कान बांध."

दुसरा हिवाळा आला. पौषातल्या एका सकाळी, हाताचं बोट दिसू नये असं धुकं पडलं असताना, अक्काच्या शेजारणीचा, गीताचा फोन आला. दीदी न्हाणीघरात पडल्यात, उठता येत नाही, अॅम्ब्युलन्सला फोन केलाय पण ती मोठ्या पुलावर अडकलीय. बिंदुमाधव स्वेटर उलटा चढवून सायकलीवर बसले. सोनबरसाच्या तोंडाशी आले आणि उतरले. पलीकडचं काही दिसत नव्हतं. ते तिथं किती वेळ उभे राहिले ते त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही. मग त्यांनी सायकल पत्र्याला टेकवली, अंग चोरून फटीतून आत शिरले आणि डाव्या कठड्याला लागून, खाली जिथं तुळई आहे हे त्यांना माहीत होतं तिथूनच, पाऊल टाकत पलीकडं गेले.

अक्काचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गीताच्या नवऱ्यानं खाट काढली, आणखी तीन माणसं आली. अॅम्ब्युलन्स फिरवून इकडच्या तोंडाशी बोलावली आणि खाट पुलावरून न्यायचं ठरलं. बिंदुमाधव पुढं चालत होते, मागं वळून सांगत होते, "बाएँ रहिए. बीच में पैर मत रखिए." मधल्या गाळ्यावर अक्कानं डोळे उघडले.

"पुलावरून आलास?"

"हो."

"मग इतके दिवस का नाही आलास रे?"

तिनं तक्रार म्हणून विचारलं नाही. लहान मूल विचारतं तसं विचारलं. बिंदुमाधवांनी तोंड पुढं वळवलं आणि चालत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात अक्का गेली. सासरचं कुणी उरलं नव्हतं. अग्नी बिंदुमाधवांनीच दिला. मुंडण केलं, घाटावर बसून पिंड ठेवले. भटजी त्यांच्या बालपणीचे सोबती, वेणीमाधव. मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबले आणि उपरण्यानं डोळे पुसले, कारण अक्कानं त्यांनाही पाढे शिकवले होते.

दहाव्या दिवशी वेणीमाधवांनीच सांगितलं, "बिंदू, तुझ्या पुलावरून आता मोटारसायकली जातात."

जेई साहब स्वतः गेले, खाट नेली, पाच माणसांनी पूल हलला नाही, ही बातमी दोन्ही काठांवर पसरली होती. कुणीतरी एका बाजूचा पत्रा वाकवून वाट रुंद केली होती. तेराव्याचं जेवण उरकलं त्याच संध्याकाळी बिंदुमाधव पुलापाशी गेले. बघतात तर शाळेच्या पोरांनी गच्च भरलेली एक ई-रिक्षा पलीकडून येत होती. ती मधल्या गाळ्यावर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती शेजारून निघून गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सात वाजता तिथं जाऊन उभे राहू लागले. बोडकं डोकं, अंगावर घोंगडी. हात जोडून माणसांना परत पाठवत. काही परतत, बरेचजण बाजूनं निघून जात. एका दूधवाल्यानं मोटारसायकल थांबवली.

"बाबूजी, आप खुद गए थे."

"गया था."

"फिर?"

"मेरी बहन गिर गई थी."

"मेरी माँ उस पार है," दूधवाला म्हणाला, "रोज दवा देनी पड़ती है." आवाज चढवला नाही त्यानं. कॅन सावरले आणि तो पुलावर गेला. बिंदुमाधवांनी त्याला अडवलं नाही.

सोळा दिवस ते असे उभे राहिले. मग एक दिवस त्यांनी अर्ज लिहिला. आजवरच्या अर्जांत दुरुस्ती मागितली होती. यात लिहिलं की दुरुस्ती होत नसेल तर निदान दोन्ही तोंडांना विटांची भिंत घालावी. हा अर्ज कुणी कुणाकडं ढकलला नाही. चार दिवसांत भिंती उभ्या राहिल्या, इकडची एका खात्यानं घातली, तिकडची दुसऱ्यानं. भिंत कुणाची, हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

पुलाची फाईल मात्र वर लखनौला गेली, असं बाकावरच्या चपराशानं सांगितलं.

लोकांनी बिंदुमाधवांशी बोलणं टाकलं. भाजीवाली त्यांना बघून टोपलीवर कापड ओढू लागली. त्यांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर कुणाला दिसू दिलं नाही.

चैत्रात ते अक्काचं घर आवरायला निघाले. दोन ऑटो बदलून, सव्वा तासानं पोचले. भांडी, दोन लुगडी, पाढ्यांचं फाटकं पुस्तक एवढंच होतं. गीतानं दार उघडून दिलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि उंबऱ्यावर बसली. तिची मुलगी पुलावरून कॉलेजला जायची. भिंत झाल्यापासून घरीच होती.

"भैया, दीवार आपने बनवाई?"

"हाँ."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"दीदी होतीं, तब भी बनवाते?"

बिंदुमाधवांनी तांब्या उचलला, पण पाणी प्यायले नाहीत. आयुष्यभर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं त्यांनी नीट, लेखी उत्तर दिलं होतं.

"नहीं जानता, गीता," ते म्हणाले, आणि लुगड्यांची घडी घालायला वाकले.