मध्यरेषेपासून किती बोटं

आमच्या गावच्या समाजमंदिरात काचेचं एक कपाट आहे. देवरीच्या सुताराकडून मी ते सागवानात करून घेतलं होतं, तीनदा भाव पाडून. कबड्डीची ढाल कायमची आमची झाली की तिच्यासाठी ते होतं. आज त्यात लाउडस्पीकरची वायर आणि घडी केलेल्या सतरंज्या आहेत. याला एक माणूस जबाबदार आहे, आणि त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो.

दिवाळीनंतर हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान निघाला की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात. शेजारच्या गावच्या मंडईत मोकळ्या बांधीत, म्हणजे धान कापलेल्या शेतात, कबड्डीचे सामने होतात. तिथला कायदा साधा. सलग तीन वर्षं जिंकाल तर ढाल कायमची तुमची. अंतिम सामना बरोबरीत सुटला, तर ढाल ज्या गावाकडे आहे त्याच्याकडेच राहते आणि ते वर्षही त्याच गावाच्या नावावर चढतं. आम्ही दोन वर्षं जिंकलो होतो. म्हणजे तिसऱ्या वर्षी आम्हाला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, फक्त हरायचं नव्हतं.

मी सायकलवर पोतं टाकून सालेकशाच्या जंगलातल्या गावांत मोहफूल आणि लाख घेत धंदा उभा केला. मला कोणी शिकवलं नाही. एक गोष्ट मात्र मी अंगावर मार खाऊन शिकलो: सौदा पटला की उठायचं. जास्त बसलं की समोरचा विचार करू लागतो. संघाच्या जर्सी माझ्या पैशाच्या होत्या, म्हणून सामन्याआधी हेच मी पोरांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा चढाईपटू तेवढा बुटाची नाडी बांधत बसला होता.

तो गवंडी होता. सडपातळ, कमी बोलणारा. चढाईला निघाला की आधी वाकून मातीला हात लावायचा.

शेवटची चढाई त्याची होती. गुण बरोबरीत. समोर सातही जण उभे. चढाईत ओलांडावीच लागते ती निदान रेषा ओलांडायची आणि परत यायचं, एवढंच काम. मी रेषेजवळून ओरडलो, "रेषा ओलांड अन् निघ! आत नको जाऊ!"

त्यानं निदान रेषा ओलांडली. तिथून फिरायला हवं होतं. तो फिरला नाही.

यापुढचं मी नऊ वर्षांत कितीदा सांगितलं असेल. दर वेळी शिव्या देत सुरू करतो, आणि इथे आलो की आवाज खाली येतो. तो सरळ आत गेला, जिथे कोणी जात नाही तिथे. दोघांनी साखळी करून त्याला घेरलं. त्यानं एका पायावर गिरकी घेतली आणि धावत न येता, उभ्या जागेवरून त्या दोघांच्या हातांवरून उडी मारली. माणूस इतका वर जातो हे मला ठाऊक नव्हतं. खाली त्यांचे हात, वर तो, आणि तोंडात "कबड्डी, कबड्डी" चालूच, दम कुठे तुटला नाही. बांधीत हजारभर माणूस असेल, पण मला फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता. सगळी गर्दी बसल्या जागेवरून उठली होती. मीही उठलो होतो, आणि माझ्या तोंडून शिवी नाही, "बापा रे!" निघालं.

मग त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. आमचा तोंडावर पडला, हात मध्यरेषेकडे लांब केला, आणि शिट्टी झाली. हात रेषेला लागला नव्हता.

आम्ही हरलो. समोरच्या गावच्या लोकांनी आपल्या संघाआधी त्याला खांद्यावर घेतलं. माझ्या डोक्यात आग गेली. मी त्याची जर्सी गळ्याशी धरून विचारलं, "कायले गेलास आत? कायले?"

तो धापा टाकत म्हणाला, "भाऊ, समोर सात जन उभे व्हते. मी का घड्याळ पाहाले गेल्तो?"

तेव्हापासून बोलणं बंद. बायको मात्र मला सोडत नाही. "तुमी तरी काय करता जी? भाव पटला तरी अर्धा घंटा घासत बसता. मजा येते म्हनून ना?" मी ताट सरकवून उठतो.

यंदा आम्ही ढाल जिंकली. मी सीमेपलीकडून, छत्तीसगडातून, तीन खेळाडू आणले. ते हुशार. दोन गुण पुढे गेले आणि मग नुसतं निदान रेषा ओलांडून परत, ओलांडून परत. माझ्याच शिकवणुकीप्रमाणे. शेवटच्या पाच मिनिटांत लोक उठून जिलेबीच्या दुकानाकडे गेले. ढाल हातात घेतली तेव्हा टाळ्या वाजवायला आमचीच माणसं होती, आणि तीही निघायच्या घाईत.

तेवढ्यात एक जाडसर माणूस जवळ आला. मी ओळखलं. घोटा धरणारा तोच.

"ढाल भेटली, बरं झालं," तो म्हणाला. "पन तो गडी कुठी आहे? त्याले मी पकडलं, त्याच्यावर आजवर माझं नाव चालून राहिलं. चाला, भेटवा."

नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. त्याला गाडीवर मागे बसवून, ढाल हँडलला बांधून गावात आलो. चढाईपटू शाळेच्या भिंतीला गिलावा करत होता. दोघं गळ्यात पडले. मी लांब उभा.

"रेषेला चार बोटं कमी पडली व्हती तुले," जाडसर म्हणाला.

"चार? दोन! दोनच बोटं."

"अबे, मी पाय सोडला कुठी व्हता? चार."

गवंड्यानं ओल्या रेतीत थापीनं रेघ ओढली, तिच्यापुढे पालथा पडला आणि हात लांब केला. चाळिशीला आलेला माणूस. जाडसरानं खरंच त्याचा घोटा धरला. रेघ आणि हात यांच्यामध्ये तीच जागा उरली.

"दोन!"

"चार!"

दोघं आपापल्या भावावर अडून बसलेले. कोणीच खाली येईना. असला सौदा माझ्यासमोर तुटू देणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी रेतीत गुडघ्यावर बसलो आणि मध्ये बोटं ठेवली.

"तीन," मी म्हणालो. "तीन बोटं. करा कबूल दोघं."

गवंड्यानं पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनता तं तीन, भाऊ."

"पन तवाची ढाल गेली ती गेलीच," मी म्हणालो, आणि त्याला उठायला हात दिला.