पिंडावरून वळलेला कावळा

अमडापूरच्या शाळेत इंद्रभान मास्तर चित्रकला शिकवायचे. त्यांची बायको गीताबाई तापानं गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा आला, पिंडाजवळ उतरला आणि चोच लावायच्या आधीच गरकन वळून उडाला. मास्तरांनी हात जोडून काय काय कबूल केलं! पण पुन्हा एकही फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक जेवायला बसले. मास्तर पान तसंच ठेवून उठले. हिचं काय राहून गेलं असेल?

तेव्हापासून शाळा सुटली की ते कावळ्याचं तेवढं एकच वळण कागदावर काढत बसायचे. कावळा यायचा हुबेहूब, पिसं मोजून घ्यावीत असा. पण पेंढा भरल्यासारखा. हलायचा म्हणून नाही. घरात मात्र पाठीमागं पंख फडफडल्यासारखं व्हायचं. वळून पाहावं, तर वलणीवरचं लुगडंसुद्धा हललेलं नसायचं.

थोरली बहीण कौशल्याबाई भाकरी थापायला येऊन राहिली होती. ती म्हणायची, "काऊन बे, गावातले कावळे सरले का? कागदावर पाळून राह्यला ते!"

एका संध्याकाळी मास्तरांनी डोळा, चोच, पिसं सगळं सोडून दिलं. ओल्या कागदावर काळ्या रंगाचे तीनच फटकारे ओढले. रंग आपसूक पसरत गेला आणि कावळा वळला.

"ह्याले डोळा कुठी हाय?" पिठाच्या हातानं कौशल्याबाई जवळ आली, आणि कागदावर वाकली. "हा तं भेलाय रे. कोनं हात उगारला याच्यावर?"

"हात कोन उगारीन, बाई? तिथं तं मीच..."

बोलता बोलता मास्तरांचा हात पुढं झाला, अंगठा उभा राहिला. चित्र काढणाऱ्याची खोड. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा, अंगठा उभा धरून माप घ्यायचं.

"बायकोच्या पिंडावर माप घेतलं?"

"आपोआप झालं, बाई. लय चांगला बसला होता."

"म्हंजे गीताचं काहीच राह्यलं नव्हतं. तुह्या अंगठ्यापायी उपाशी गेली थे."

सकाळी मास्तरांनी अंगणाच्या भिंतीवर भात ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पाहायचं नाही, असं ठरवलं. बाहेर पंख वाजले. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले.

"शिवला रे, इंद्रभान!" कौशल्याबाई ओरडली.

खरंच शिवला, की भावासाठी ती खोटं बोलली, हे मास्तरांनी तिला कधीच विचारलं नाही.