खडूची रेघ आणि मामांची कुऱ्हाड

माझ्या बायकोच्या मामांइतका कुऱ्हाडीला घाबरणारा, आणि तरीही रोज कुऱ्हाड चालवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. कोल्हारजवळ वस्तीवर त्यांचं घर आहे. घरात गॅस आहे, मुलानं गच्चीवर सोलर बसवून दिला आहे. पण अंघोळीचं पाणी लाकडावरच तापलं पाहिजे आणि ते लाकूड मामांनीच फोडलं पाहिजे, हा त्या घरचा कायदा. लग्नानंतर पहिल्यांदा तिथं राहायला गेलो, तेव्हा ही कामगिरी बघायला मी सकाळी बाजेवर बसलो. अर्धा तास गेला तरी एकही लाकूड फुटलं नव्हतं. मामा दांडा दगडावर आपटून पातं हलतंय का ते बघत होते, पाचर अंगठ्यानं दाबत होते. मग धोतर सोडून ते जुनी पँट घालून आले, पायात जाड बूट चढवले, कोंबड्या टोपलीखाली डालल्या आणि कुत्रं बांधलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, बाज अजून धा पावलं मागं घ्या."

त्या दहा पावलांच्या आत कुणालाही प्रवेश नव्हता. मामी चहा लांबच ठेवून हाक मारत, आणि मामा हातातलं लाकूड संपवून तो गारढोण करून पीत. एकदा सरपंच कसलंसं निमंत्रण घेऊन आले, तर त्यांनाही ट्रॅक्टरच्या पलीकडे उभं केलं. "उडणाऱ्या ढलपीला सरपंच कळत न्हाई," एवढंच मामा बोलले. लाकूड ठेवायला बाभळीचा रुंद, बुटका ठोकळा होता आणि त्यावर एक जुनं टायर. लाकूड त्या टायरात उभं करायचं, म्हणजे फुटलेले तुकडे पायावर उडत नाहीत. घोडेगावच्या बाजारात बैल पारखावा तसं ते प्रत्येक लाकूड फिरवून फिरवून बघत. गाठ कुठं आहे, तडा कुठं गेलाय हे कळल्याशिवाय घाव घालत नसत. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, नजर घावाच्या जागेवर. घाईनं फोडलेल्या लाकडावर तापलेलं पाणी अंगाला लागत नाही, असंही ते मला गंभीरपणे सांगत, आणि मी ते मान्यही करून टाकलं होतं.

पण खरी गंमत त्यांच्या परीक्षेची. पहिल्या लाकडाच्या माथ्यावर ते खडूनं एक रेघ ओढत आणि तीन हलके घाव घालत. तीनांतले दोन रेघेवर बसले तरच त्या दिवशी काम. नाहीतर कुऱ्हाड खुंटीला. एका दिवाळीत मामांच्या अंगात कणकण होती आणि ते नापास झाले. गॅसवर पाणी ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या सासऱ्यांसह घरभर पाहुण्यांनी गार पाण्यानं अभ्यंगस्नान केलं आणि मामांनी सगळ्यांत आधी.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा मामींनी मला बाजूला घेतलं. काचबिंदूनं मामांची नजर बरीच गेली होती. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "तुमी तरी सांगा त्यास्नी. जावयाचं ऐकतील," मामी म्हणाल्या. मी मान डोलावली आणि बाहेर गेलो. मामांनी रेघ ओढली, पहिला घाव घातला आणि तिथूनच विचारलं, "पाव्हणं, बसला का रेघंवर?"

आजवर त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं. आणि दहा पावलांच्या आत मला बोलावलंही नव्हतं, त्या दिवशी बोलावलं. घाव दोन बोटं बाजूला पडला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभच वळेना. मी म्हणालो, "बसला." दुसराही चुकला. मी पुन्हा तेच म्हणालो आणि ते समाधानानं कामाला लागले.

चौथ्या लाकडाला कुऱ्हाड कडेला लागून घसरली, टायरवरून उडाली आणि त्यांच्या बुटाच्या टोकाचं चामडं कापून मातीत रुतली. अंगठा वाचला तो सूतभर अंतरानं. मामा खाली बसले, पहिल्या लाकडाची दोन फाळकी चाचपून शोधली, जुळवून धरली आणि माथ्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"रेघ मी मधोमध वढली हुती," ते म्हणाले. "घाव तर बाजूला हायेत."

"मामा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"ते कळलं मला. पर चूक माझी हाय. ज्याला इचारावं लागतं, त्यानं कुऱ्हाड धरू न्हाई."

मला रडू आलं. ते त्यांना दिसलं नाही, याचंच मला तेव्हा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून पाचर तपासून घेतली, मला बूट घालायला लावले, नवं लाकूड टायरात उभं करून चाचपत रेघ ओढली आणि कुऱ्हाड माझ्या हातात देऊन मोजून दहा पावलं मागं गेले. मी घाव घातला. तो चांगला चार बोटं चुकला.

"बसला का?" त्यांनी विचारलं.

खरं-खोटं करायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"नाही, मामा. चुकला."

मामा म्हणाले, "मंग जमंल तुमाला."

त्या शाबासकीचा आनंद मला काही केल्या होईना. त्यांच्या हातातलं काम माझ्या हातात आलं होतं, आणि ते आता त्यांच्याकडे परत जाणार नव्हतं.