रेडियंट: वाक्यात उपयोग

सरांनी माझ्या आईला वर्गाच्या दारात उभं केलं आणि पोरांना विचारलं, "सांगा रे, हाई रेडियंट शे का?"

अख्खा वर्ग हसला. आईसुद्धा हसली. आम्ही भिल्ल, घरी भिलीच बोलतो; तिला ना इंग्रजी येत, ना धड मराठी. सगळे हसतायत म्हणजे सर काहीतरी चांगलंच बोलले असतील, असं तिला वाटलं. तिने त्यांना हात जोडले. ते जोडलेले हात मला अजून झोंबतात.

तळोद्याला अकरावीत होते मी. इंग्रजीचे सर शिकवताना पुस्तकी मराठी बोलायचे, टिंगल करायची असली की अहिराणीवर यायचे; 'हाई शे का' म्हणजे 'ही आहे का'. आदल्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'रेडियंट' हा शब्द लिहून दिला होता. अर्थ: तेजस्वी, तेज फाकणारा. मूळ: लॅटिन 'रेडियस', म्हणजे किरण, आणि चाकाचा आराही. उपयोग: सूर्य, नवरी, आनंदी चेहरा. एक वाक्य करून आणा.

ते मूळ मला फार आवडलं. आई गुजरातेत मजुरीला जायची, महिनोन्महिने दिसायची नाही. भेटली की हसताना तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुरकुत्या अशाच आऱ्यांसारख्या फाकायच्या. मी लिहिलं, माय मदर्स फेस इज रेडियंट. कुठूनही न उतरवलेलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य.

त्या दिवशी आई गावाहून, मोलगीहून, जीपने आली होती, स्कॉलरशिपच्या कागदावर अंगठा द्यायला. व्हरांड्यात बसली होती. सरांनी माझं वाक्य वाचलं, बाहेर बघितलं.

"हीच का तुझी मदर? ये गं बाई, इथे उभी राहा."

मग तो प्रश्न. मग ते हसणं. मग मला म्हणाले, "उन्हात करपलेल्या तोंडाला हा शब्द लागत नाही. खोड ते. नवरीवर लिही."

मी खोडणारच होते. खरं सांगते, पेन उघडलं होतं. राग आला तोही सरांचा नाही, आईचा. आजच कशाला आली म्हणून. त्या रागाची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात आईने भिलीत विचारलं, सर काय म्हणाले?

वर्गात भिलीचा एक शब्द निघाला की पोरं फिदीफिदी हसायची. म्हणून मी तोंड शिवून बसायचे. त्या दिवशी उभी राहिले. मोठ्याने, भिलीत, तिला सगळं सांगितलं. करपलेलं तोंडसुद्धा.

आईचं हसू गेलं. हात खाली आले. ती सरांकडे बघत राहिली. सर डस्टर शोधायला लागले.

"काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही बोललात तेच. आणि वाक्य खोडणार नाही, सर."

मला वर्गाबाहेर काढलं. तोंडी परीक्षेत मार्क कापले. आई त्या कॉलेजात पुन्हा आली नाही. तिला ते दुःख माझ्या तोंडून पोचलं, हेही मला कबूल आहे.

पण आता दवाखान्यात, बँकेत तिच्याबरोबर मी जाते. तिला कळणार नाही अशा भाषेत कुणी तिच्यावर हसलं, की तिथेच, त्याच्यासमोर, तिला भिलीत सांगते. त्याला काय उत्तर द्यायचं ते ती ठरवते. ते मी त्याला मराठीत ऐकवते, आणि ऐकवत राहणार.