तीन रांगांचं तूप

शुभाताईंचे किस्से सांगायला बसलं की आमच्याकडे चहा दोनदा होतो. ताई टाउनशिपच्या शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. आम्ही भोपाळच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या मराठी बायका, कुणी ग्वाल्हेरची, कुणी उज्जैनची, मी नागपूरची. चरबीची रचना तोंडपाठ असलेलं दुसरं महिला मंडळ दाखवा मला!

*

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. थंडीनं तूप दगड झालेलं आणि शेजारच्या बाटलीतलं सरसोंचं तेल मात्र पातळ. "असं का हो?" एकीनं विचारलं आणि आम्ही सगळ्या फसलो.

ताईंनी तिघींना हात धरून उभं केलं. "या ग्लिसरॉल." प्रत्येकीच्या मागे बायकांची एकेक रांग लावली. "ही फॅटी अ‍ॅसिडं. झाली चरबी!" सरळ रांगा एकमेकींना छान खेटल्या. "हे तूप. खेटतं, म्हणून गोठतं." मग त्यांनी रांगांना मध्येच वळण दिलं. "इथे डबल बॉन्ड." लगेच कोपरं लागायला लागली, पदर अडकले, खेटणं संपलं. "हे तेल!"

तेवढ्यात कुणाचे तरी मिस्टर दारात आले. "ये क्या ड्रिल चल रही है?"

"तुमच्या पोटावर जे साठलंय ना, तेच चाललंय," ताई म्हणाल्या. "या, तुम्हीपण रांगेत या!"

*

आमची चित्रा नुकतीच जिमला जायला लागली होती. म्हणाली, "ताई, मला बॉडीत फॅटच नको. एकदम झीरो!"

"बरं. मग पेशींना भिंती कशाच्या घालू? विटांच्या?"

"भिंती फॅटच्या असतात?"

"दुहेरी असतात बाळा. आणि मेंदूत तर भरपूर चरबी असते."

चित्रानं त्या दिवशी बेसनाचे दोन लाडू खाल्ले. मेंदूसाठी!

*

एका दिवाळीत ताईंनी घराघरातून तळणीचं उरलेलं तेल गोळा केलं. कॉस्टिक सोडा घालून त्यातल्या तिन्ही रांगा ग्लिसरॉलपासून सोडवल्या आणि साबण पाडला. आम्हाला काय कौतुक! साबण उत्तम झाला हो, फेसही यायचा. फक्त आंघोळ करून आलं की अंगाला चकलीचा वास यायचा.

*

आता आमच्या शेजारच्या सरोजवहिनींचं सांगते. त्यांचं घरच्या लोण्याचं तूप अख्ख्या टाउनशिपमध्ये नावाजलेलं. त्यांच्या मिस्टरांना, म्हणजे अण्णांना, हार्ट अटॅक आला. वाचले, पण रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे तीच तीन रांगांची चरबी, भलतंच वाढलेलं निघालं. कुणी नातेवाईक बोलून गेले, "इतकं तूप खाऊ घातल्यावर दुसरं काय होणार!"

झालं! वहिनींनी तुपाची बरणी देऊन टाकली, सगळं उकडून करायला लागल्या, स्वतः धड जेवेनात. माझ्याजवळ रडायच्या, "मीच यांना मारत होते गं." मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

शेवटी मी शुभाताईंना घेऊन गेले. ताईंनी रिपोर्ट वाचला. "सरोज, तूप किती वाढायचीस?"

"भातावर एक चमचा."

"खोटं नाही सांगणार, तुपाचाही वाटा असेल. पण ही चरबी तयार करायला लिव्हरला तूपच लागतं असं नाही. जास्तीची साखर मिळाली तरी ते घरच्या घरी तीन रांगा उभ्या करतं." मग त्यांनी चष्म्यावरून सोफ्याकडे पाहिलं. "अण्णा, साखर कुठून येत होती?"

अण्णा टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

"अण्णा!"

"ते... अशोका गार्डनला, हलवायाकडे. जिलबी. ड्यूटीवरून येताना."

"कधीमधी?" वहिनींनी विचारलं.

"रोज," अण्णा म्हणाले. "पाव किलो."

वहिनी पदरानं डोळे पुसून उठल्या आणि कुकर लावला. मला म्हणाल्या, "तुझ्याकडे तूप आहे ना गं? घेऊन ये."

चार ताटं मांडली. गरम वरणभात. वहिनींनी शुभाताईंना चमचाभर तूप वाढलं, मला वाढलं, आणि किती दिवसांनी स्वतःच्या भातावरही घेतलं. अण्णांनी हळूच ताट पुढे सरकवलं.

"तुमचं झालंय," वहिनी मी आणलेल्या बरणीला झाकण लावत म्हणाल्या, "अशोका गार्डनला!"