चार दिवसांत संपलेली ट्यूब

"भाऊ, हे वापस घ्या. पोरगी ह्याच्या वासानं उलट्या करून राह्यली."

रशीदभाईंनी बाटली काउंटरवर ठेवली. दोनच दिवसांपूर्वी मी ती त्यांना दिली होती. माझ्या डोक्याच्या वर पाटी होती : 'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.' रशीदभाईंनी पाटीकडे पाहिलं. मी पाहायचं टाळलं.

चूक माझीच होती. भोकरदनला माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं होत आली. रशीदभाई समोरच्या ओळीतले टेलर. तालुक्यात कुणाचंही लग्न असो, नवरदेवाची शेरवानी त्यांच्याच मशीनवरून जाते. त्यांची मुलगी शबाना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना लागला होता. पोटावर लालसर पट्टे उमटले होते आणि अंगाला खाज सुटली होती.

आता असल्या वस्तूसाठी आपल्याकडे बाई स्वतः काउंटरवर येत नाही. पुढे चार पुरुष खोकल्याचं औषध मागत उभे असतात, त्यांच्यासमोर पोटाचं काय सांगणार? म्हणून नवरा येतो, भाऊ येतो, नाहीतर वडील. रशीदभाई आले होते आणि स्वतःच्या शर्टाच्या बटणांकडे बघत म्हणाले होते, "ते पोटाला लावायचं असतंय ना, ते द्या."

त्यांचा संकोच घालवावा म्हणून मी मोकळेपणानं, म्हणजे मोठ्यानं, विचारलं, "स्ट्रेच मार्क्सचं का? किती आहेत? कुठं कुठं आलेत?"

चारही पुरुष वळले. एकाचा तर खोकलाच थांबला.

"जे चांगलं असंल ते द्या भाऊ, पण जल्दी द्या," रशीदभाई म्हणाले.

मग मी शेल्फवरची सगळ्यात देखणी बाटली दिली. त्यात गुलाब होता, बदाम होता, मोगरा होता. आदल्याच आठवड्यात कंपनीच्या एमआरनं, म्हणजे दुकानोदुकानी माल समजावून सांगत फिरणाऱ्या पोरानं, माझ्या मनगटावर दोन थेंब चोळले होते आणि मी दिवसभर मनगट हुंगत बसलो होतो. गरोदर बाईला वास सहन होत नाही, हे मला डी.फार्म.च्या पुस्तकानं शिकवलं होतं आणि दोन लेकरांच्या वेळी बायकोनं. तरीही मी बाटली निवडली ती स्वतःच्या नाकानं.

बाटली मी परत घेतली. विकता येणार नव्हती, म्हणून घरी नेली. बायको म्हणाली, "हे घरात ठेवू नका, देवळात आल्यासारखं वाटतंय." शेवटी मी ती माझ्याच पोटाला लावायला लागलो. स्ट्रेच मार्क्स मलाही आहेत. ते काही बाळंतपणाचे नाहीत, बसून खाल्ल्याचे आहेत. कातडी फार भरभर ताणली गेली की तिच्या आतला थर जागोजागी फाटतो आणि त्याच्या रेघा उमटतात. झपाट्यानं उंची वाढलेल्या पोरांच्या पाठीवरही त्या असतात.

हे मी रशीदभाईंना समजावायला गेलो तर त्यांनी माझ्याआधीच समजून घेतलं.

"म्हंजे बनियनचा कपडा भाऊ. जास्त ताणला का आतला धागा तुटतो. वरून भोक दिसत न्हाई, पण रेघ उमटती."

"बराबर!"

"मंग ती इस्त्रीनं जात न्हाई."

"क्रीमनंही जात नाही," मी म्हणालो. हे एमआर माझ्या मनगटावर थेंब चोळताना बोलला नव्हता. खरं सांगायचं तर पट्टे येऊच नयेत किंवा आलेले पुसून जावेत, अशी खात्रीची क्रीम माझ्या दुकानात नाही, आणि कुणाच्या दुकानात असेल असं मला वाटत नाही. बाळंतपणानंतर ते हळूहळू फिके पडतात, चंदेरी होतात. मॉइश्चरायझर लावायचं ते कातडीचा कोरडेपणा जावा, तणाव आणि खाज जरा कमी व्हावी म्हणून.

मग या वेळी मी नाकाऐवजी डोळ्यांना चष्मा लावला आणि बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचली. वास नसलेलं पाहिजे. रेटिनॉल नको. सुरकुत्यांच्या आणि डागांच्या क्रीममध्ये ते असतं आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत. 'सात दिवसांत गायब' असं ज्यावर लिहिलंय ते तर उचलूच नये. शेवटी एक साधी पांढरी ट्यूब निवडली. चित्र नाही, फूल नाही. चांगली मोठी होती.

"अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच लावायची," मी सांगितलं. या वेळी हळू आवाजात. "आधी हाताला थोडीशी लावून बघायची. दोन आठवडे तरी पुरेल."

"अन् खाज?"

"कमी होईल."

"तिची अम्मी म्हणती, खाज सुटली म्हंजे बाळाला जावळ भरपूर हाये."

"मग चांगलंच आहे की! न्हाव्याला आत्ताच सांगून ठेवा," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो. इथं मी हसलो नसतो तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी रशीदभाई पुन्हा आले. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. खुशीत होते. त्यांनी खिशातून ती ट्यूब काढली. शेपटीपासून गुंडाळत आणून, पिळून, पार चपटी केलेली.

"पसंत पडली पोरीला. उलटी न्हाई, कायबी न्हाई. दोन द्या."

माल पसंत पडला की दुकानदाराचा मेंदू जरा बंद पडतो. मी दोन ट्यूब काढल्या, पिशवीत टाकल्या, पिशवी पुढे केली. आणि हात मध्येच थांबला.

चार दिवस?

मेडिकलवाल्याला एक सवय असते. गिऱ्हाईक परत कधी आलं यावरून औषध कसं घेतलं जातंय ते कळतं. पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरल्या म्हणजे माणूस गोळ्या चुकवतोय. डोळ्यांचे थेंब दोन दिवसांत संपले म्हणजे निम्मे गालावर गेलेत. आणि ही ट्यूब आठव्या महिन्याच्या पोटाला दिवसातून दोनदा लावली तरी चार दिवसांत संपत नाही. माझ्या पोटाला लावली तरी नाही, आणि माझं पोट आठव्यापेक्षा थोडं पुढंच असेल.

"रशीदभाई, ही घरात अजून कोण लावतंय?"

"कोन लावंल? तिच्यासाठीच हाये."

"मग ती कुठं लावतीय?"

"पोटाला. तुम्हीच सांगितलं."

"तिला विचारलंत का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. बाप लेकीला हे कसं विचारणार? तिनं अम्मीला सांगितलं, अम्मीनं ह्यांना, ह्यांनी मला. आणि मी उत्तर दिलं ते त्याच वाटेनं उलटं गेलं. या सगळ्यात शबानाशी मी एक शब्द बोललो नव्हतो. मी दोनदा औषध निवडलं होतं, ते एका टेलरच्या संकोचासाठी.

"फोन लावा तिला."

फोन लावला. गर्दी बघून मी तो घेतला आणि सलाईनच्या खोक्यांमागे जाऊन उभा राहिलो.

"शबाना, मी मेडिकलवाला काका. बेटा, खाज नेमकी कुठं येते?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "पोटाला थोडी. जास्त हाताच्या तळव्यांना, काका. अन् पायांच्या. सगळी क्रीम तिथंच लावून राह्यले मी."

"पुरळ आलीय? लाल फोड वगैरे?"

"न्हाई. दिसत कायबी न्हाई. पण रात्री लई वाढती. झोपच न्हाई चार-पाच दिवसांपासून. थंड फरशीवर पाय ठिवून बसते."

"अम्मीला सांगितलंस?"

"अम्मी म्हणती जावळ हाये."

मी डोळे मिटले. काकांनीही तेच म्हटलं होतं, हे तिला ठाऊक नसावं.

"बाळ हलतंय ना रोजच्यासारखं?"

"हां, हलतंय."

"छान. तयार हो. अब्बा न्यायला येतायत."

पट्ट्यांची खाज पोटावर, मांडीवर येते. तळहात-तळपायांना खाज, अंगावर पुरळ काही नाही, रात्री जास्त, आणि शेवटचे महिने : हे एवढं एकत्र आलं की लिव्हर तपासावं लागतं, एवढं मला माहीत होतं. तपासणं आणि सांगणं हे डॉक्टरचं काम. माझं काम ट्यूब परत शेल्फवर ठेवायचं.

"रशीदभाई, क्रीम देत नाही. पोरीला आत्ता डॉक्टर मॅडमकडे न्या. रक्त तपासून घ्या."

"काहून? खाज तर हाये नुसती."

"नुसती असली तर सोन्याहून पिवळं. पण बघायला पाहिजे."

"उद्या नेतो भाऊ. आज बाजार, अन् दोन शेरवान्या द्यायच्यात. नवरदेव येऊन बसलाय दुकानात."

काय करावं कळेना. घाबरवलं तर घरी जाऊन पोरीलाही घाबरवतील. नाही घाबरवलं तर उद्यावर जाईल, उद्याचं परवावर. मग मला त्यांचीच बनियन आठवली.

"एक सांगा. शेरवानी बाहेरून एकदम बराबर दिसतीय, पण अस्तरात शिवण उसवलीय असा संशय आला, तर तुम्ही वरून इस्त्री मारून देता का गिऱ्हाइकाला?"

"तोबा! अस्तर उघडून बघतो."

"मग मी दोन ट्यूब देणं म्हणजे वरून इस्त्री आहे. आतलं मॅडमना बघू द्या."

रशीदभाईंनी ती चपटी ट्यूब काउंटरवरच ठेवली आणि ते रस्ता ओलांडून गेले. थोड्या वेळानं समोरून शटर खाली ओढल्याचा आवाज आला. बाजाराच्या दिवशी त्यांचं शटर खाली मी पहिल्यांदा पाहत होतो. एक नवरदेव एका बाहीची शेरवानी घालून रस्त्यात उभा होता.

मॅडमनी तपासलं, त्याच दिवशी रक्त घेतलं. सॅम्पल संभाजीनगरला जातं, रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. तोवर माझं काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या दोन दिवसांत मी एका गिऱ्हाइकाला सुटे म्हणून खोकल्याच्या गोळ्या दिल्या आणि त्यानं मागितलेल्या खोकल्याच्या गोळ्या द्यायच्या विसरलो.

रिपोर्ट आला. लिव्हरचं दुखणंच निघालं. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं. ॲसिडिटीला आपण पित्त म्हणतो ते नव्हे, हा अन्न पचवणारा रस. काही बायकांमध्ये गरोदरपणी त्याचा प्रवाह मंदावतो, ते रक्तात उतरतं आणि खाज सुटते. आईला बहुधा खाजेचाच त्रास. पण ते फार वाढलं तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून नुसतं वाट बघत बसायचं नसतं. मॅडमनी गोळ्या सुरू केल्या, पुन्हापुन्हा रक्त आणि बाळाचे ठोके तपासले, आणि दिवस पूर्ण भरायची वाट न बघता जालन्याला बाळंतपण करायचं ठरवलं.

"बरं झालं वेळेवर आणलं," मॅडम म्हणाल्याचं रशीदभाईंनी मला सांगितलं. "पाठवलं कोनी, विचारून राह्यल्या. मी म्हणलं, ट्यूबनं."

मुलगी झाली. दोघी सुखरूप. रशीदभाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोत बाळ कमी आणि केस जास्त होते. कपाळापर्यंत काळंभोर जावळ.

"तिची अम्मी म्हणती, मी सांगत न्हवते?"

मी पेढा खाल्ला.

त्यानंतर दुकानात एक फरक केला. सलाईनची खोकी हलवून कोपऱ्यात जागा केली, एक खुर्ची ठेवली. गरोदर बाईसाठी काही न्यायचं असेल तर तिला घेऊन या, तिथं बसवा. येता येत नसेल तर तिला फोन लावून द्या. रशीदभाईंनी त्या कोपऱ्याला पडदा शिवून दिला. उरलेल्या शेरवानीच्या कापडाचा आहे, मरून रंगाचा, त्यावर जरीची बुट्टी. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं आत लग्न लागतंय. पण बायका येतात. पहिल्यांदा शबानाच आली, बाळाला घेऊन. आत बसून तिनं हळूच विचारलं, "काका, ते पोटावरचे पट्टे?"

"फिके पडतील. पार जाणार नाहीत."

"जाऊ द्या मंग. खाज गेली ना," ती म्हणाली, आणि बाळाच्या डोक्यावरून टोपी सरकवून मला जावळ दाखवलं.

एवढ्यावरून मी शिकलो ते इतकंच : मॉइश्चरायझर निवडताना बाटलीवरचं वाचायच्या आधी ज्याच्या अंगाला लावायचंय त्याला विचारावं. ते फुकट असतं आणि त्याला वास नसतो.

हे सगळं मी जेवताना बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, पडद्यासकट. तिनं ताटात भाकरी वाढली.

"चांगलं केलंत. तो पडदा वीस वर्षांपूर्वी लावला असता तर मीही आले असते. थोरलीच्या वेळी मलाही लई खाज होती. मी आपलं तूप लावायचे, गुपचूप."

माझा घास हातातच राहिला. "कुठं? खाज नेमकी कुठं येत होती?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली.

"पोटालाच हो. पण विचारलंत! वीस वर्षांनी का होईना. जेवा आता."